गाडीत क्रूझ कंट्रोल नाहीये? बसवायला निघण्याआधी हे सगळं वाचा

बडोद्यात राहणाऱ्या माणसाचं अहमदाबाद काही सुटत नाही, कुणाची नोकरी तिकडे, कुणाचं माहेर तिकडे, कुणाची मुलं तिकडे शिकायला. दुमाड चोकडीवरून एक्सप्रेसवेला लागलं की पुढे जवळजवळ ९३ किलोमीटर सरळ रस्ता, टू-व्हीलर नाही, रिक्षा नाही, सिग्नल नाही. माझं आठवड्यातून दोनदा जाणं असतं आणि गाडी आहे मधल्या व्हेरियंटची, म्हणजे एसी, एअरबॅग, म्युझिक सगळं आहे पण क्रूझ नाही, म्हणजे पाय न लावता ठरवलेला वेग धरून ठेवणारी सोय नाही. नडियाद येईपर्यंत उजव्या पायाचा घोटा भरून यायचा, तेही एकवेळ चाललं असतं, पण आई मागे बसली की तिला गाडी लागायची. कारण माझा पाय स्थिर नव्हता, ९० वरून ८०, ८० वरून ९५, सारखं पुढेमागे. मला कळायचंही नाही, तिला मात्र प्रत्येक हिसका कळायचा.

क्रूझ कंट्रोलचा शोध पण असाच लागलाय बरं का. राल्फ टीटर म्हणून अमेरिकेत एक इंजिनिअर होते, पाच वर्षांचे असताना अपघातात दृष्टी गेलेली, आणि त्यांचा वकील गाडी चालवताना बोलायला लागला की गाडी हळू व्हायची, ऐकायला लागला की पळायची, तो त्रास त्यांना गाडीत बसून जाणवायचा. त्यावरून त्यांनी हे यंत्र काढलं, १९५० मध्ये पेटंट मिळालं आणि १९५८ मध्ये क्रायसलरच्या इम्पीरियल गाडीत पहिल्यांदा आलं. म्हणजे ही सोय मुळात सोबत बसलेल्याच्या पोटासाठीच आहे असं म्हटलं तरी चालेल.

तर मी माझ्या गाडीला बसवलं, एकदा चुकीचं आणि मग एकदा बरोबर. जे शिकलो ते नवीन माणसाला कळेल असं लिहितोय. एक गोष्ट आधीच सांगतो आणि पुढे पुन्हा पुन्हा येईल: क्रूझ लागणं सोपं आहे, सुटणं महत्त्वाचं आहे. ब्रेकला पाय टेकला की ते त्याच क्षणी, दरवेळी, न चुकता सुटलंच पाहिजे. सगळं काम, सगळा खर्च, सगळी टेस्टिंग याच एका गोष्टीसाठी करायची.

सगळ्यात आधी: तुमची गाडी कुठल्या जातीची आहे ते बघा

टॉर्च घ्या, ड्रायव्हरच्या बाजूला खाली वाका आणि ॲक्सिलेटरचं पेडल वरपर्यंत बघा. वर लोखंडी केबल जोडलेली दिसली तर गाडी जुन्या पद्धतीची, केबल थ्रॉटलची (थ्रॉटल म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप). केबल नसून प्लास्टिकचा डबा आणि त्यात सहा वायरींचा सॉकेट दिसला तर इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल, म्हणजे पेडल फक्त व्होल्टेज पाठवतं आणि थ्रॉटल किती उघडायचा ते ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठरवतो. गेल्या दहाएक वर्षांतल्या बहुतेक गाड्या दुसऱ्या जातीच्या आहेत आणि आपलं काम त्यात बरंच सोपं आहे.

मग ब्रेक पेडलच्या वरचा स्विच बघा. दोनच वायरी असतील तर तो फक्त ब्रेक लाईटचा साधा स्विच. चार असतील तर आनंदाची गोष्ट, कारण त्यात दोन वेगळे संपर्क असतात, एक पाय दाबल्यावर जोडला जातो आणि दुसरा पाय दाबल्यावर तुटतो, आणि दोन्ही एकमेकांची साक्ष देतात. कंपनीच्या क्रूझला ही दुहेरी साक्ष लागते. मॅन्युअल गाडी असेल तर क्लचच्या वर पण स्विच आहे का ते बघून ठेवा.

आता मालकाचं पुस्तक काढा, ते ग्लोव्ह बॉक्समधलं जाड पुस्तक जे कुणी उघडत नाही. ते बहुतेक वेळा सगळ्या व्हेरियंटचं मिळून एकच छापलेलं असतं. त्यात तुमच्याच इंजिनाच्या, तुमच्याच गिअरबॉक्सच्या टॉप मॉडेलला क्रूझ दिलंय का ते शोधा. दिलं असेल तर तुमच्या ईसीयूमध्ये ते आधीपासून असण्याची शक्यता चांगली आहे, फक्त बटणं दिलेली नाहीत.

रस्ता पहिला: कंपनीचीच बटणं

जमत असेल तर हाच करा, बाकीचं नंतर. टॉप मॉडेलच्या स्टिअरिंगवर उजव्या हाताला जी क्रूझची बटणं असतात ती पार्ट म्हणून मिळतात. पार्ट्स काउंटरवर आपल्या गाडीचा चासी नंबर द्यायचा आणि टॉप मॉडेलचा पार्ट नंबर काढून घ्यायचा. काही गाड्यांत नुसती बटणं लावली की मीटरमध्ये क्रूझची खूण येते, काम झालं. काहींत स्टिअरिंगच्या मागची गोल पट्टीची केबल, तिला क्लॉक स्प्रिंग म्हणतात, तिच्यात वायरीच कमी असतात, मग ती पण टॉप मॉडेलची घ्यावी लागते. आणि काहींत शेवटी लॅपटॉप लावून कोडिंग करावं लागतं. फोक्सवॅगन, स्कोडाच्या बऱ्याच गाड्यांत इंडिकेटरची दांडीच बदलतात, क्रूझच्या स्विचवाली लावतात, जिथे वायर नसेल तिथे एक ओढतात आणि व्हीसीडीएस नावाच्या टूलने चालू करतात, हे काम करणारे लोक आता आपल्याकडे पण आहेत.

बटणं कशी काम करतात ते कळलं की भीती जाते. सेट, रिझ्यूम, कॅन्सल सगळ्यांना मिळून बऱ्याचदा एकच वायर असते आणि प्रत्येक बटणामागे वेगळा रेझिस्टर. बटण दाबलं की वायरीवरचा व्होल्टेज बदलतो, त्यावरून ईसीयूला कळतं कुठलं दाबलं. म्हणून जुना स्विच विकत घेताना मल्टिमीटर ओहमवर ठेवून एकेक बटण दाबून बघायचं, प्रत्येकाला वेगळा आणि स्थिर आकडा आला पाहिजे. आकडा नाचत असेल तर घेऊ नका.

जुन्या पार्ट्सचा विषय निघाला म्हणून थांबून सांगतो. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा आपल्या शहरात किती गाड्या पाण्यात गेल्या ते आपण सगळ्यांनी बघितलंय. पाण्यात गेलेल्या गाडीचा स्विच, क्लॉक स्प्रिंग, सॉकेट वरून पुसून अगदी नवा दिसतो, पण आत तांब्यावर हिरवा गंज धरलेला असतो आणि आज चाललं तरी सहा महिन्यांनी दगा देतं. पिना टॉर्चने बघा, हिरवट पांढरं काही दिसलं किंवा सॉकेटच्या कोपऱ्यात बारीक गाळ दिसला तर ठेवून द्या. हॉर्नच्या बटणाचा जुना पार्ट लावायला हरकत नाही, क्रूझचा मात्र नाही. आणि तुमची स्वतःची गाडी त्या पाण्यात उभी होती असेल तर आधी डॅशखालचे सगळे सॉकेट उघडून तपासून घ्या, क्रूझचं नंतर बघू.

एअरबॅग. स्टिअरिंगवरची बटणं लावायला एअरबॅग काढावी लागते. हे काम स्वतः करू नका असंच मी म्हणेन, रोज करणाऱ्याकडून करून घ्या, पण समोर उभे राहा आणि हे बघा. बॅटरीची निगेटिव्ह काढली का? काढल्यावर पुस्तकात दिलेला वेळ थांबला का? घड्याळ लावून थांबवा, कारण एअरबॅगच्या युनिटमध्ये बॅटरी काढल्यावर पण थोडा वेळ चार्ज राहतो. चाकं सरळ आहेत का? काढलेली एअरबॅग तोंड वर करून ठेवली का, उलटी नाही ना? पिवळ्या सॉकेटमध्ये मल्टिमीटरची पिन खुपसायची नाही, कधीच नाही. आणि क्लॉक स्प्रिंग काढल्यावर हाताने फिरवायची नाही, टेपचा एक तुकडा लावून जागच्या जागी अडकवून ठेवायची, नाहीतर मधली जागा चुकते आणि पहिल्या यू-टर्नला आतली पट्टी तुटते, मग हॉर्न पण गेला आणि एअरबॅगचा लाल दिवा पण लागला.

रस्ता दुसरा: पेडलच्या मध्ये बसणारा किट

कंपनीची बटणं शक्य नसतील तेव्हा हा, माझ्या गाडीत हाच आहे. एक छोटा डबा ॲक्सिलेटरच्या सॉकेट आणि गाडीच्या वायरिंगच्या मध्ये बसतो. एरवी तुमच्या पायाचे सिग्नल जसेच्या तसे पुढे पाठवतो, क्रूझ लागलं की पायाऐवजी स्वतःचे सिग्नल पाठवतो. ईसीयूला वाटतं पायच दाबलेला आहे.

इथे एक बारीक गोष्ट समजून घ्या. पेडलच्या सहा वायरींत दोन पाच व्होल्टच्या, दोन अर्थच्या आणि दोन सिग्नलच्या असतात. सिग्नल दोन का, तर एक खोटं बोलला तर दुसऱ्यावरून पकडता यावं म्हणून. मी मीटर लावून मोजलं तेव्हा पाय न लावता एकावर पाऊण व्होल्टच्या आसपास आणि दुसऱ्यावर त्याच्या निम्मं, पेडल हळूहळू दाबत गेलो तसं दोन्ही चढत गेले पण निम्म्याचं नातं काही सुटलं नाही. गाडीगणिक आकडे वेगळे असतात पण दोघांचं नातं ठरलेलं असतं, ते मोडलं की ईसीयू चेक इंजिन लावतो, बऱ्याचदा पी २१३८ हा कोड येतो, आणि गाडी लंगडायला लागते, म्हणजे जेमतेम चालते. म्हणून किट तुमच्या मॉडेलच्या तयार सॉकेटसकट घ्या, पेडलच्या वायरी कापून जोडणारा कुणी भेटला तर नमस्कार करून परत या.

बाकी वायरी अशा: एक चाबीची प्लस, एक अर्थ, एक-दोन ब्रेकच्या, एक क्लचची आणि स्पीडसाठी एक वायर किंवा कॅनच्या, म्हणजे गाडीतले कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात त्या लाईनच्या, दोन.

चाबीची प्लस फ्यूज बॉक्समधून फ्यूज टॅप लावून घ्या, किटच्या कागदावर लिहिलाय तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज टाका, आणि चाबी बंद केल्यावर तिथे शून्य व्होल्ट येतो का ते बघा. अर्थ डॅशमागच्या गाडीच्या बॉडीच्या बोल्टला, रंग खरवडून. हे दोन मिनिटांचं काम.

स्पीड आजकाल ओबीडीच्या, म्हणजे मेकॅनिक स्कॅनर लावतो त्या, सॉकेटमधून कॅनवरून घेतात, सहा नंबरची पिन कॅन हाय, चौदा नंबरची कॅन लो. इथे एक तपासणी करून घ्या जी फार थोडे लोक करतात. बॅटरी काढलेली असताना सहा आणि चौदाच्या मध्ये ओहम मोजा, ६०च्या आसपास आले पाहिजेत, कारण लाईनच्या दोन टोकांना १२०-१२० ओहमचे दोन रेझिस्टर समांतर असतात. किट जोडल्यावर परत मोजा. आकडा ६० वरून ४० वर उतरला तर किटच्या आत तिसरा १२०चा रेझिस्टर आहे, तो त्याच्या स्विचने किंवा जंपरने बंद करावा लागतो. न करता तसंच ठेवलं तर आज एबीएसचा दिवा, उद्या स्टिअरिंगचा दिवा, असं काहीही येत राहतं आणि कारण सापडत नाही.

ब्रेकची वायर, ज्याच्यासाठी हा लेख लिहिला

माझं पहिल्यांदा चुकलं ते इथे. ॲक्सेसरीच्या एका दुकानात किट बसवून घेतला, संध्याकाळची गर्दी, मुलगा हुशार होता, हात चटचट चालत होते, मी ब्रेकच्या वायरीचं विचारलं तर म्हणाला थई जशे साहेब, चिंता ना करो, म्हणजे होऊन जाईल. झालं पण. दुकानासमोर टेस्ट केली, दिवा लागला, मी पैसे देऊन निघालो.

दोन दिवसांनी सकाळी एकटाच होतो, एक्सप्रेसवेवर ८०ला क्रूझ लावलं, पुढे एक टेम्पो लेन बदलताना दिसला म्हणून ब्रेकला पाय टेकवला, गाडी हळू झाली, पाय उचलला आणि गाडी परत पुढे ओढायला लागली. क्रूझ सुटलंच नव्हतं. ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर, त्यामुळे विचार करायला वेळ नसतो. मी क्लच दाबला, तेव्हा सुटलं. बाजूला घेऊन किट बंद केला आणि उरलेला रस्ता पायाने चालवला.

घरी आल्यावर दांडिया बाजारातल्या आमच्या बोळात गाडी लावली, सीट मागे सरकवून डोकं पेडलपाशी घातलं. ब्रेकच्या वायरीवर निळ्या रंगाचा दाबायचा क्लिपवाला जोड होता, ज्याच्यात आतली पत्र्याची पात वायरीचं प्लास्टिक कापून तांब्याला टेकते. उघडून बघितला. पात एका बाजूनेच आत गेली होती, तांब्याच्या इतक्या सगळ्या तारांपैकी फक्त दोन तिला लागत होत्या आणि त्यातली एक तुटलेली. वायर बोटाने जरा हलवली की मीटरवर १२ यायचे, सोडली की शून्य. दुकानासमोर उभ्या गाडीत ती टेकलेली होती, रस्त्यावर हादऱ्याने सुटत होती. त्या जोडाची किंमत चार-पाच रुपये असेल, आणि मागे आई बसलेली असती तर, हे मला त्या रात्री बराच वेळ सुचत राहिलं.

म्हणून ब्रेकची आणि क्लचची वायर अशी जोडायची: तुमच्या ब्रेक स्विचच्या सॉकेटसारखा नर-मादी सॉकेट मिळत असेल तर तो मध्ये घालायचा, सगळ्यात उत्तम, मूळ वायर कापावी लागतच नाही. नसेल तर वायरीचं प्लास्टिक एक सेंटीमीटर सोलायचं, तार न तोडता, नवी वायर तिच्याभोवती गुंडाळायची, सोल्डर करायचं, टेप घट्ट लपेटायची आणि जोडापासून दोन इंचांवर केबल टाय मारायचा म्हणजे हादरा सोल्डरवर येणार नाही. किटला ब्रेकच्या दोन्ही वायरी देता येत असतील तर दोन्ही द्या, दाबल्यावर जोडणारी पण आणि दाबल्यावर तुटणारी पण. तुटणारी जास्त भरवशाची, कारण वायर निघून आली तर तिला ब्रेक दाबल्यासारखंच वाटतं आणि क्रूझ लागतच नाही. बिघाड झाला तर सुटलेल्या बाजूला व्हावा, लागलेल्या बाजूला नाही.

आणखी एक, मागे एलईडीचे ब्रेक बल्ब टाकले असतील तर किटवाल्याला आधी सांगा. काही किट ब्रेकच्या वायरीतून साध्या बल्बच्या तारेमधून अर्थ शोधतात, एलईडीत ती तार नसते, मग क्रूझ लागतच नाही आणि माणूस किट खराब म्हणून परत करतो. रिले टाकून ते सुटतं.

केबलवाल्या जुन्या गाड्या

यात थ्रॉटलची केबल ओढणारी मोटर किंवा व्हॅक्यूमचा डबा बोनेटमध्ये बसवतात. होतं, पण केबल अडकली तर थ्रॉटल उघडा राहतो, आणि असं काम रोज करणारा माणूस आपल्याकडे मिळणं कठीण. मी सुचवणार नाही. आणि ॲक्सिलेटरला अडकवायची दांडी, बाईकच्या ग्रिपला लावायचा क्लॅम्प, हे ऑनलाईन क्रूझ म्हणून विकतात. त्याला स्पीड कळत नाही, ब्रेक कळत नाही. ते क्रूझ नाहीच, घेऊ नका.

बसवल्यावर टेस्ट, घाई करायची नाही

किटला आधी पेडल शिकवावं लागतं. चाबी ऑन, इंजिन बंद, किट सांगेल तसं पेडल सोडायचं आणि पूर्ण दाबायचं, तो दोन्ही टोकं लक्षात ठेवतो.

मग उभ्या गाडीत: घरातल्या कुणाला तरी गाडीच्या मागे उभं करा आणि ब्रेक दाबून तिन्ही ब्रेक लाईट लागतात का ते विचारा. आमच्याकडे आईच उभी राहिली, प्रत्येक वेळी लागला, गेला, लागला, गेला असं मोठ्याने सांगत होती. ब्रेक नुसता टेकवला, अर्धा दाबला, पूर्ण दाबला, तिन्ही प्रकारे. किटवर छोटा दिवा असेल तर त्याच वेळी तो पण बदलला पाहिजे. आता डॅशखाली हात घालून जोडलेल्या वायरी हलवत हलवत परत तेच करा. हे हलवून बघणं माझ्या पहिल्या वेळी कुणी केलं असतं तर तिथेच पकडलं गेलं असतं.

रस्त्यावरची टेस्ट कोरड्या रस्त्यावर, उजेडात, रविवारी सकाळी लवकर, पुढेमागे कुणी नसताना. बहुतेक क्रूझ ताशी ४०च्या आसपासच्या खाली लागत नाही, म्हणून ५०ला चौथ्यात सेट करा. पाय ॲक्सिलेटरवरून काढा पण ब्रेकच्या समोरच तरंगत ठेवा. ब्रेक नुसता टेकवा, सुटलं का? परत सेट, परत टेकवा. मी मोजून २० वेळा केलं. मग क्लचने २० वेळा, मग कॅन्सल बटणाने. एकदा जरी चुकलं तरी घरी परत, वायर उघडून बघायची, नशिबावर सोडायचं नाही.

आणि कधी गाडी ओढतच राहिली तर काय करायचं ते आधी तोंडपाठ करा, घरात जे जे गाडी चालवतात त्यांच्याकडून पण करून घ्या: ब्रेक जोरात आणि सलग, सोडून-सोडून नाही, सोबत क्लच खाली, गिअर न्यूट्रल, इंजिन कितीही ओरडलं तरी ओरडू द्या, बाजूला घ्या, थांबल्यावर चाबी बंद. चालत्या गाडीत चाबी पूर्ण फिरवून काढायची नाही, स्टिअरिंग लॉक होईल.

वॉरंटी, इन्शुरन्स, कायदा

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ म्हणतं की आरसीवर आणि कंपनीच्या मूळ नोंदीत जे आहे त्याच्याशी विसंगत होईल असा बदल गाडीत करू नका, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने पण तेच घट्ट सांगितलं. त्यामुळे कंपनीचे स्वतःचे पार्ट आणि सर्व्हिस सेंटरचं बिल हा मार्ग कधीही जास्त निर्धास्त. बाहेरचा किट लावणार असाल तर वॉरंटी संपेपर्यंत थांबा आणि इन्शुरन्स कंपनीला आधी मेल करून लेखी उत्तर घ्या. फोनवर बोललेलं उपयोगाचं नाही, मेल जपून ठेवा, बिल पण.

कुठे वापरायचं, कुठे नाही

एक्सप्रेसवेवर आपली लेन मोकळी असेल तेव्हा. बोर्डावर जो वेग लिहिलाय त्याच्या खाली, तो वेगवेगळ्या रस्त्यांवर वेगळा आहे म्हणून बोर्ड बघायचा, मित्राचं ऐकायचं नाही. भरूचकडे जुन्या हायवेने जाताना जांबुवाच्या पुलाशी ट्रकांची रांग लागते, तिथे क्रूझ चालू ठेवून जायचं नाही, खूप आधीच कॅन्सल. पावसात नाही, एकदम नाही, कारण पाण्यावर चाक घसरलं की साधं क्रूझ आणखी रेस देऊ शकतं. शहरात नाही. पावागढ चढताना उतरताना नाही. साधं क्रूझ ब्रेक मारत नाही हे पण लक्षात ठेवा, उतारावर गाडी ठरवलेल्या वेगाच्या पुढे जाऊ शकते, आणि पुढच्या गाडीचं अंतर त्याला कळत नाही, ते ॲडॅप्टिव्ह क्रूझला कळतं आणि ते असल्या किटने मिळत नाही.

रिझ्यूमचं बटण नव्या माणसाने पहिले महिनाभर वापरूच नये असं माझं मत आहे. ते जुना वेग लक्षात ठेवतं, तुम्ही विसरलेले असता. टोल नाक्यावरून बाहेर पडताना ६०ला चुकून दाबलं तर गाडी ९५कडे झेपावते. सेट परत करायला एकच सेकंद लागतो.

झोप येत असेल तर क्रूझ बंद आणि गाडी पण बंद, आणंदला उतरून चहा. पाय मोकळा झाला की डोळे लवकर मिटायला बघतात, हे मला दुपारच्या जेवणानंतर दोनदा जाणवलंय.

बसवल्यावर पहिल्या ५०० किलोमीटरनंतर एकदा डॅशखाली डोकं घालून सगळे जोड, टाय, फ्यूज बघा, मग दर सर्व्हिसला. गाडी सर्व्हिसला दिली की मेकॅनिकला सांगा की पेडलवर किट आहे, नाहीतर तो स्कॅनर लावून तास-तास शोधत बसेल. माझ्या गाडीत फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आत मी कागद चिकटवलाय, कुठली वायर कुठे जोडली, कुठल्या रंगाची, कुठला फ्यूज, सगळं मराठीत आणि गुजरातीत. मेहुणा गाडी घेऊन जातो तेव्हा मी आधी त्याला शेजारी बसून एक चक्कर मारायला लावतो, सेट कर, ब्रेक टेकव, सुटलं का, परत. मागच्या दिवाळीत त्याने तीनदा करून दाखवलं तेव्हा चाबी दिली.